खळमामांची फुलांची वही

खळमामांकडून टाचणी घ्यायची असली तरी सही करावी लागे. आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारामागे, खिळ्याला सुतळीने बांधलेलं एक रजिस्टर लटकत असे. त्यात पाच रकाने: वस्तू, कुणी नेली, कधी नेली, कधी आणली, सही. चिमटा न्या, भिंग न्या, काचपट्टी न्या, मामा पेन्सिल पुढे करायचे. एकदा प्राचार्यांनी कोटाचा लोंबणारा धागा कापायला कात्री मागितली. मामांनी कात्री दिली आणि पाठोपाठ रजिस्टर नेलं. प्राचार्य म्हणाले, "अहो मामा, मी प्राचार्य आहे." मामा म्हणाले, "ते मला म्हाईत हाय की सर. कात्रीला कुटं म्हाईत हाय?" प्राचार्यांनी सही केली, धागा कापला, कात्री दिली आणि 'आणली'च्या रकान्यात तारीख घातली.

अशा माणसाने आयुष्यात एकदाच, एकाच वस्तूसाठी, एकाच माणसाला सही न घेता सोडलं. तो माणूस मी. वस्तू म्हणजे त्यांची स्वतःची फुलांची वही. हे लिहायला घेतलं त्या दिवशी ती माझ्याच कपाटात होती.

यंदा चैत्रात घरच्यांनी माझं सहस्रचंद्रदर्शन केलं. एक्क्याऐंशीव्या वर्षी माणसाने हजार पौर्णिमा पाहिलेल्या असतात, असं ते गणित. "अधिक महिने धरून बरं का," असं गुरुजींनी दोनदा सांगितलं आणि मी दोनदा मान खाली घातली. का, ते पुढे सांगतो. नात सई पुण्याहून आली होती. तिने जाड पुठ्ठ्याची एक वही भेट दिली, ऑनलाइन मागवलेली. मुखपृष्ठावर जुन्या विलायती ग्रंथांतली फुलांची चित्रं होती, प्रत्येकाखाली तिरक्या अक्षरात लॅटिन नाव. कागद मुद्दाम पिवळट केलेला, कडा मुद्दाम झिजवलेल्या. "आजोबा, तुमचाच विषय आहे. आता यात मनातलं लिहा," सई म्हणाली. मी वही उलटसुलट करून पाहिली. कुणीतरी जुन्या ग्रंथातली फुलं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. खळमामांनीही हेच केलं होतं. फरक इतकाच, की या वहीवरून कुणाची चौकशी झाली नव्हती. उलट तिला पाचपैकी पाच तारे मिळाले होते.

त्याच आठवड्यात कॉलेजातून फोन आला. सध्याचे प्राचार्य माझे विद्यार्थी. कॉलेजच्या महोत्सवानिमित्त माझा प्रबंध ग्रंथरूपाने काढायचा आहे, दोन पानांचं मनोगत द्या, असं ते म्हणाले. "सर, त्रैवार्षिक फुलोरा म्हणजे आपल्या कॉलेजची ओळख आहे." मनोगतासाठी मी सईची वही उघडली. दोन पानांत जे बसेना, ते हे.

मामांचं खरं नाव कॉलेजात फार थोड्यांना ठाऊक होतं. शिपायाला मामा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यामुळे आदरही दाखवता येतो आणि नाव विचारायचे कष्टही वाचतात. आमच्या मामांना खळमामा म्हणत, कारण वाळवलेली झाडं कागदावर चिकटवायची खळ ते स्वतः शिजवत. घराणं विणकरांचं. घरात तेलुगू बोलत, वडील आणि भाऊ दोघेही मागावर. सुताला खळ द्यायची ती विद्या मामांनी पानाफुलांना लावली. मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद. मोरचुदामुळे कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागत नाही. कुणी बाजारातला डिंक आणला की ते नाक मुरडत. "डिंक कडक पडतोय सर. झाड तडकतंय. खळ कशी, धरती पर दाबत न्हाई." हे वाक्य मी एकदा वर्गात, नमुन्यांच्या जतनाचं तत्त्व म्हणून सांगितलं. मुलांनी ते लिहून घेतलं. कुणाचं ते मी सांगितलं नाही. अशा सवयी लहान गोष्टींपासून लागतात.

मामांना फुलांची खोड कशी लागली, हे मी एकदा त्यांना विचारलं होतं. चिकटवलेल्या कागदांवर वजनं ठेवता ठेवता ते म्हणाले, "चादरीवरचं फूल बघून बघून कट्टाळलो की सर. आठ पाकळ्या. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. बारा म्हैने फुलतंय ते. मग मनात आलं, खरं फूल कवा येतंय ते तरी बगावं." त्यासाठी दर रविवारी सकाळी ते सायकल काढत. होटगीच्या रुळांच्या कडेने, तळ्याच्या काठाने, माळावरच्या ओढ्यांतून फिरत आणि कुठल्या झाडाला पहिलं फूल कधी आलं ते लिहून ठेवत. फक्त पहिलं. "दुसरं फूल कुनीबी बगतंय. पयलं बगायला जावं लागतंय."

आमच्या विभागातले आम्ही चौघे प्राध्यापक त्या काळात रविवारी सकाळी काय करत होतो, ते मला नीट आठवतं. झोपत होतो.

नोंदीची पद्धत त्यांची स्वतःची होती. जागा, झाड, तिथी. उदाहरणार्थ: "होटगी, रुळाच्या डाव्या अंगाला, कळलावी, भाद्रपद शुद्ध षष्ठी." तारीख कधीच नाही. "तारखेला आकाशात काय दिसतंय सर? तिथीला निदान चांद तरी दिसतोय." वही त्यांनी स्वतःच बांधली होती. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांतली कोरी पानं काढून, शिवून, जाड पुठ्ठ्यात बसवलेली. आणि त्या पुठ्ठ्यावर होती ती प्रसिद्ध फुलं.

ती फुलं कुठून आली, ते मला कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात गोऱ्यांच्या काळातला एक भलामोठा वनस्पतिग्रंथ होता, रंगीत चित्रांचा. एका पावसाळ्यात त्याचं कपाट वाळवीने खाल्लं. खराब पुस्तकं पाहून रद्दीत काढायचं काम प्राचार्यांनी माझ्यावर सोपवलं. मी त्या ग्रंथाची चाळण झालेली पानं उचलली आणि मामांच्या हातात दिली. "न्या मामा, तुमच्या कामाला येतील." रद्दीत काढलेल्या पुस्तकांची यादी करायची होती. ती उद्या करू म्हटलं. ते उद्या अजून यायचं आहे.

मामांनी भोकं चुकवून फुलं कापली. एकेक पाकळी नखाएवढ्या कात्रीने. मग ती खळीने पुठ्ठ्यावर बसवली, शेजारी शेजारी, दाटीवाटीने. जिथे वाळवीने पाकळी खाल्लेली होती, तिथे त्यांनी ती रंगवून भरली नाही. "खाल्लेलं खाल्लेलंच दिसाय पायजे की," ते म्हणाले. त्या एका वाक्यात विज्ञानाची जेवढी नीती आहे, तेवढी माझ्या पूर्ण प्रबंधात नाही.

आता प्रबंधाकडे येतो. पीएच.डी.ला नाव घालून मला बरीच वर्षं झाली होती. मुदत संपत आली होती आणि माझ्याजवळ विषय होता, शीर्षक होतं, मार्गदर्शक होते. फक्त निरीक्षणं नव्हती. सोलापूरच्या कोरड्या मुलखातल्या फुलोऱ्याचा काळ, असा विषय. त्याला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात आणि वर्षं तर मी रविवारी झोपून घालवलेली. एका दुपारी मी प्रयोगशाळेत डोकं धरून बसलो होतो. मामांनी चहा ठेवला.

"काय झालं सर?"

"काही नाही हो मामा. फुलांच्या नोंदी हव्यात. मागच्या वीस वर्षांच्या."

"मग हायत की," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणून माझ्या टेबलावर ठेवली. मी सवयीने पेन्सिलीची वाट पाहिली. पेन्सिल आली नाही. "सही?" मी हसून विचारलं. "तुमच्याकडनं कसली सही सर," ते म्हणाले. "तुमी काय परके हाय व्हय?"

मी परका नव्हतो, हे मी पुढच्या सहा महिन्यांत सिद्ध केलं. वही घरी नेली आणि तिच्यातल्या नोंदी माझ्या झाल्या. प्रस्तावनेत एक ओळ घातली: 'प्रयोगशाळेतील कर्मचारीवर्गाचे सहकार्य लाभले.' नोंदी उतरवताना अडचण एकच होती, तिथ्या. विद्यापीठाला तारखा लागतात. तिथीची तारीख करायची तर त्या त्या वर्षाचं पंचांग हवं, आणि मी पडलो विज्ञानवादी. पंचांग मी घरात येऊ देत नसे. बायकोने आणलं की भाषण देत असे. तेव्हा मी एक सोपा तक्ता केला. चैत्र म्हणजे एप्रिल, वैशाख म्हणजे मे, श्रावण म्हणजे ऑगस्ट, भाद्रपद म्हणजे सप्टेंबर. अंधश्रद्धेला हात न लावता काम झालं. काही महिन्यांच्या नावाआधी मामांनी एक बारीक गोल काढला होता. मला तो खळीचा डाग वाटला.

तक्ते मांडले आणि मी थक्क झालो. जवळजवळ दर तिसऱ्या वर्षी, पावसाळ्यातली आणि त्यानंतरची सगळी फुलं महिनाभर आधी येत होती. कळलावी, तरवड, गवतफुलंसुद्धा. मग पुन्हा जागेवर. पुन्हा तिसऱ्या वर्षी महिनाभर आधी. या मुलखातल्या वनस्पतींच्या अंगी कोरड्या हवेमुळे तीन वर्षांची एक गूढ लय आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि तिला नाव दिलं त्रैवार्षिक फुलोरा. मार्गदर्शक तर खुर्चीतून उठले.

प्रबंधाच्या पाच प्रती बांधायला अर्थात मामांकडेच दिल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण झाडांची लॅटिन नावं त्यांना लेबलं चिकटवून चिकटवून पाठ होती आणि आकडे तर सगळ्यांनाच वाचता येतात. तिसऱ्या दिवशी मी प्रती न्यायला गेलो. मामा शेवटच्या प्रतीच्या पाठीला खळ लावत होते. मान वर न करता ते म्हणाले, "सर, ह्यात धोंड्याचा म्हैना धरला न्हाई की तुमी."

"म्हणजे?"

"अधिक म्हैना. ज्या वर्साला धोंडा येतोय, त्या वर्साला फुडचे म्हैने समदे म्हैनाभर उशिरा सरकत्यात. मग भाद्रपदातलं फूल श्रावनातच दिसतंय. मी धोंड्याच्या म्हैन्याम्होरं गोल काढलाय की." मग त्यांनी ब्रश वाटीत ठेवला. "फुलं त्यांच्या टायमालाच येत्यात सर. म्हैना आपला सरकतोय."

मी म्हणालो, "मामा, हे विज्ञान आहे." याहून जास्त अवैज्ञानिक वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही.

"असंल की," मामा म्हणाले, आणि ब्रश पुन्हा उचलला.

घरी जाताना शेजाऱ्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग त्यांच्याकडची जुनी पंचांगं मागून घेतली. शेजारी खूश झाले, मी सुधारलो असं त्यांना वाटलं. दहा मिनिटांत सगळं कळलं. माझी गूढ लय म्हणजे तीन वर्षांनी येणारा अधिक महिना. सोलापुरातल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं, कारण त्या महिन्यात जावयाला अनारसे द्यावे लागतात. दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात गेलो आणि पाचही प्रती दाखल केल्या. बांधणी उत्कृष्ट आहे, असा परीक्षकांनी खास उल्लेख केला.

पुढे त्रैवार्षिक फुलोऱ्याने मला बरंच काही दिलं. विभागप्रमुखपद दिलं, भाषणं दिली, शाली दिल्या. मोडनिंबचे एक बोरबागायतदार माझं भाषण ऐकून गेले आणि त्यांनी त्या तिसऱ्या वर्षी महिनाभर आधीच बागेची सगळी तयारी करून ठेवली. दिवाळीच्या सुमाराला ते मुद्दाम भेटायला आले. "सर, तुमचं शास्त्र लई भारी हाय," ते म्हणाले. "पर आमच्या बोरींना कुणी कळवलंच न्हाई वाटतं." मी त्यांना हवामानातल्या सूक्ष्म फरकांबद्दल अर्धा तास सांगितलं. मामांनी त्यांना चहा दिला आणि रिकामा कप विसळायला घेऊन गेले.

मामांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. वहीही मागितली नाही. अधूनमधून नवी नोंद मात्र कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून माझ्या टेबलावर ठेवायचे. "वहीत घाला सर," एवढंच.

मग ग्रंथालयातला तो जुना वनस्पतिग्रंथ पाहायला बाहेरगावचे एक मोठे तज्ज्ञ येणार असं पत्र आलं. ग्रंथपाल कपाट उघडायला गेले तर आत दोन पुठ्ठे आणि मातीचा ढीग. रद्दीच्या यादीत ग्रंथाचं नाव नव्हतं, कारण यादीच नव्हती. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, खळमामांच्या वहीवर तसलीच फुलं आहेत. चौकशी समिती बसली. प्राचार्य, ग्रंथपाल आणि विभागप्रमुख म्हणून मी.

मामा समोर उभे होते. हात पुसून आले होते, तरी बोटांना खळ होती.

"फुलं कापलीत का?" प्राचार्यांनी विचारलं.

"कापली की सर. वाळवीनं खाल्लेल्या पानांतली. रद्दीतली."

"रद्दीत काढल्याची नोंद नाही."

"भोकं हायत की सर. कापून बी भोकं हायती. खाल्लेली पाकळी तशीच ठिवलीया मी."

"मग वही दाखवा. एका मिनिटात निकाल लागेल."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, टाचणी घेताना माणूस पाहतो तेवढंच. वही माझ्या घरी होती, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. मी दोन वाक्यं बोलायची होती: पानं मी दिली, वही माझ्याकडे आहे. पण वही टेबलावर आली असती तर ती उघडली गेली असती. आत माझा प्रबंध होता, माझ्या अक्षरात नव्हता एवढंच. आणि प्रत्येक तिसऱ्या वर्षी एक गोल होता.

"वही हरवली सर," मामा म्हणाले.

प्राचार्य माझ्याकडे वळले. "तुम्हाला या पानांबद्दल काही माहीत आहे का?"

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

आता एक्क्याऐंशीव्या वर्षी मला खरोखरच बरंच काही आठवत नाही. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. पण ते 'आठवत नाही' मला शब्दन् शब्द आठवतं.

मामांची बदली संस्थेच्या दुधनीच्या शाळेत झाली. तिथे प्रयोगशाळा नव्हती. घंटा होती, ती वाजवायची. जायच्या दिवशी त्यांनी रजिस्टर खिळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवलं आणि एकेक वस्तू मोजून ताब्यात दिली. सूक्ष्मदर्शक, चिमटे, काचपट्ट्यांच्या पेट्या. "टाचन्यांची एक डबी शेजारच्या लॅबातल्या बाईंकडं हाय. सही हाय." मी पाठ फिरवून खिडकीबाहेर पाहत होतो. दाराशी जाऊन ते थांबले. मला वाटलं, आता मागतील.

"वही जपा सर," ते म्हणाले. "मोरचूद घातलाय, तरी वर्साला एकदा ऊन दावा. न्हाईतर कसर लागंल."

तो एक आदेश मी पाळला. दर वर्षी मे महिन्यात मी वही गच्चीवर नेऊन उन्हात ठेवत आलो. बायकोला सांगायचो, जुनी टिपणं आहेत. चाळीसएक उन्हाळे झाले, एका पानाला कसर लागली नाही. फुलं अजून ताजी दिसतात. वाळवीने खाल्लेली पाकळी अजून खाल्लेलीच आहे. दुधनीला जायला मात्र मला वेळ मिळाला नाही. पॅसेंजरने तास-सव्वा तासाचं अंतर.

तर यंदा मी प्राचार्यांना फोन केला आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, मुखपृष्ठ तयार झालंय हो. त्यावर मोठ्या अक्षरात त्रैवार्षिक फुलोरा आहे."

"काढून टाका. प्रबंध छापायचा नाही. छापायची तर मामांची वही छापा, मामांच्या नावाने. अधिक महिने धरून."

"सर, कोण विचारतंय आता? इतकी वर्षं झाली." मग जरा घुटमळून, "मामांचं नाव काय होतं हो?"

मला सांगता येईना. फोन ठेवून मी वही काढली. नाव आतल्या पुठ्ठ्यावर होतं, पहिल्यापासून होतं. वही उघडली की मी सरळ नोंदींवर जात असे. यादगिरी व्यंकय्या येमूल. प्राचार्यांना पुन्हा फोन करून मी ते सावकाश, लिहून घ्यायला सांगून, सांगितलं.

मागच्या आठवड्यात दुधनीला गेलो. पिशवीत मामांची वही, सोबत सई. होटगी मागे पडलं तेव्हा मी रुळाच्या डाव्या अंगाला पाहिलं. वाळलेलं गवत होतं. पहिलं फूल यायला अजून पाऊस व्हायचा होता.

बाजारपेठेच्या टोकाला मामांची मुलगी पद्मा हिचं शिलाईचं दुकान आहे. साठी गाठलेली, तोंडात टाचण्या धरून बोलणारी बाई. मी नाव सांगितलं. तिने टाचण्या काढून ठेवल्या.

"या की सर, बसा. बाबा म्हणायचे, सर येणार. त्यांना जरा वेळ लागतोय." मग म्हणाली, "बाबा गेले की सर. तीन वर्षं झाली. धोंड्यातच गेले. वर्षश्राद्ध कुठल्या महिन्यात धरायचं, यावरनं दोन गुरुजी भांडत बसले."

मी पिशवीतून वही काढून तिच्यासमोर ठेवली. तिने फुलांवरून हात फिरवला, खाल्लेल्या पाकळीवर बोट थांबवलं. "हीच व्हय ती?" मी समितीबद्दल सांगू लागलो. माझ्या 'आठवत नाही'बद्दल सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ते मला म्हाईत हाय सर. बाबांनी आईला सांगितलेलं. आई लई शिव्या घालायची तुम्हाला. तेलुगूत घालायची, म्हणून तुमचं बरं झालं."

सई हसली. मग तिला हसल्याचं वाईट वाटलं. पद्माही हसली. मला कुणी हसू नको म्हणालं नाही, पण मला जमलं नाही.

पद्माने कपाटातून तीन वह्या काढल्या. शाळेच्या कोऱ्या पानांच्या, हाताने शिवलेल्या. विलायती फुलं आता नव्हती, म्हणून पुठ्ठ्यांवर तिच्या दुकानातल्या फुलाफुलांच्या कापडाची कात्रणं खळीने बसवलेली. दुधनीत आल्यापासून शेवटच्या वर्षापर्यंतच्या नोंदी. जागा, झाड, तिथी. आणि तिथीपुढे, वेगळ्या शाईत, आणखी एक रकाना. इंग्रजी तारीख. ज्या माणसाने जन्मभर तारीख लिहिली नाही, त्याने प्रत्येक ओळीत लिहिली होती. मी पहिलं पान पाहिलं. वर एक ओळ होती: 'सरांना चुकू नये म्हणून तारीख बी घातली हाय.'

"तुमच्यासाठीच ठेवल्यात सर. न्या."

मी वह्या उचलू लागलो, तसा तिने त्यांवर हात ठेवला.

"सही करा की. बाबांनी सांगून ठेवलंय, सरांची सही घेतल्याबिगर देऊ नको."

तिने एक रजिस्टर पुढे केलं. पाच रकाने. दुधनीच्या शाळेत असलं रजिस्टर कुणी मागितलं नव्हतं, मामांनी ते घरीच नव्याने सुरू केलं होतं. मी पेन उघडलं आणि खालच्या कोऱ्या ओळीत तीन वह्यांची सही केली. पद्माचं सुईने टोचलेलं बोट पानाच्या अगदी वर गेलं. पहिली ओळ मामांच्या अक्षरात होती. वस्तू: फुलांची वही, एक. कुणी नेली: सर. पुढे नेल्याची तिथी. त्यापुढचे दोन्ही रकाने कोरे.

"वरची पण राहिलीय बघा," ती म्हणाली.

मी तिथे सही केली. मग 'कधी आणली'च्या रकान्यात तिथी घालायची होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं आणि 'ज्येष्ठ शुद्ध' असं लिहायला लागलो.

"सर, आधी गोल काढा की," पद्मा म्हणाली. "धोंड्याचा महिना हाय."

मी गोल काढला.